सांधलेलं हाड

सोमवार, ३ मार्च

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या हातात पेन्सिल देण्यात आली. एकतीस वर्षं रुग्णालयात एक्स-रे काढले, हजारो मोडकी हाडं पाहिली, आणि सहासष्टाव्या वर्षी पेन्सिल. संग्रहालयाचा नियम म्हणे: बिनपगारी मदतनिसांनी नोंदवहीत पेन्सिलीनं लिहायचं, संग्रहपाल ते तपासून शाईनं गिरवणार. आमच्या शाळेतल्या सिस्टर चौथीतच हातात शाई देत. मी हे बोलून दाखवलं. संग्रहपाल साहेब हसले. हसता येतं, म्हणजे ऐकताही येत असावं, अशी आशा.

बाकी दिवस झकास गेला. भाचीकडे राहायला येऊन आठवडा झाला. तिच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे मी दोनदा लावून झाल्यावर तिनं हात जोडले आणि हे काम मिळवून दिलं. ती इथं डायनासोरच्या हाडांभोवतीचा दगड कोरून काढते. मी त्यांतल्या आजारी आणि जखमी हाडांची मापं घ्यायची. शेपटीचे दोन मणके संधिवातानं चिकटून एक झालेले. बरगडीवर कुणाच्या तरी दाताची खाच, तीही भरून आलेली. खिडकीतून ऊन येतं, खुर्ची बरी आहे. मला फार आवडलं.

मंगळवार, ४ मार्च

नमुना ४७. नडगीचं हाड, उभं केलं तर माझ्या कमरेपर्यंत येईल. जिवंतपणी मोडलं, त्यात पू झाला, आणि तरी सांधलं. मोडल्या जागी हाडाचा गोळा चढलाय, पू वाहायची भोकं बुजलीत. म्हणजे जनावर लंगडत का होईना, पुढं कित्येक वर्षं जगलं. मला त्याचा अभिमानच वाटला.

भाचीची नडगीही नवव्या वर्षी अशीच मोडून पिकली होती. सहा महिने खाटेवर. तिच्या फिल्म मीच काढल्या. मी म्हटलं, तुम्ही दोघी बहिणीच. ती हाडाचं खालचं टोक मांडीवर घेऊन कोरत होती. म्हणाली, मावशी, हिला निदान तुझ्यासारखी ओरडणारी मावशी नव्हती.

गोळ्याचा घेर ४१.२ सेंटीमीटर.

गुरुवार, ६ मार्च

घेर ४०.६. तीनदा मोजला. टेप बदलून मोजला. ४०.६.

शुक्रवार, ७ मार्च

घेर ३९.१. कालची माझी नोंद खोडरबरानं पुसून तिथं शाईनं ४१.२ लिहिलेलं. साहेबांकडे गेले. ते म्हणाले, टेप सैल धरली असेल, मावशी, दगड काही बारीक होत नसतो. मी याची मावशी नाही. आणि टेप सैल धरली तर माप वाढतं, कमी होत नाही, एवढं तिसरीतल्या मुलीलाही कळतं. तेही सांगितलं. त्यांना फोन आला.

सोमवार, १० मार्च

घेर ३५. गोळ्यावर आडवी चीर दिसते. शुक्रवारी नव्हती.

आता साहेबांचा टेपवर विश्वास बसलाय. पण कसा, तर भाचीनं कोरताना हाड खरवडलं असा. तिला लेखी समज दिली. ती गोळ्यापासून हातभर लांब काम करते, गोळ्यावर हत्याराची एक रेघ नाही. मी भिंग पुढं केलं. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

ती परवापासून लंगडतेय. नव्या चपला, म्हणाली. चपला जुन्याच आहेत.

मंगळवार, ११ मार्च

तिचा एक्स-रे काढून घेतला. शेजारी माझी जुनी फिल्म धरली, खाटेवरच्या चौथ्या महिन्यातली. डॉक्टरांनी विचारलं, यातली आजची कोणती?

दोन्हीकडं तेच भोक. त्याच जागी. अठ्ठावीस वर्षांपूर्वी बुजलेलं.

भाचीला घरी बसवलं. तिनं विचारलं, सुट्टी मागायला कारण काय लिहू. मी म्हटलं, लिही, नव्या चपला.

बुधवार, १२ मार्च

४७ वर दुसरी बाई बसवली आहे. प्रदर्शन जवळ आलंय म्हणे. हाडावरची बुजलेली भोकं उघडलीत. एकाच्या कडेला ओल. बोट लावलं, वास घेतला. हा वास मी एकतीस वर्षं ओळखते. साहेबांनाही घ्यायला लावला. म्हणाले, हाडं चिकटवायचा डिंक असेल.

त्या बाईनं मांडामांड करून कोरायचं विजेवरचं हत्यार सुरू केलं तेव्हा बारा वीस झाले होते. घरून शेजारणीचा फोन आला, बारा बावीसला. तुमची भाची अचानक ओरडायला लागली, लवकर या.

दुपारची फिल्म: हुबेहूब तेव्हाचा पहिला महिना. चीर सांधलेली नाही. डॉक्टर म्हणाले, पायावर जराही भार नको, पलंगावरून उतरायचं नाही, उद्या सकाळी भरती. भाची म्हणाली, मावशी, तू खरं सांग. मी खोटं सांगितलं.

गुरुवार, १३ मार्च, सकाळी सव्वासात

गाडी आठला येणार. त्याआधी हे पत्र. शाईनं.

संग्रहपाल यांस. नमुना ४७ आपल्या कोठारात तीस वर्षं, खोदून आणताना घातलेल्या प्लॅस्टरमध्येच होता. फेब्रुवारीत प्लॅस्टर कापलं. तेव्हापासून हाड उलटं चाललं आहे — सांधलेलं सुटतंय — आणि ज्या मुलीनं ते मांडीवर घेतलं तिचंही. आपण हसाल. हसा, पण आधी हत्यार बंद करा. सुटलेल्या हाडाला प्लॅस्टर घालतात, हे मला कुणी शिकवायला नको. आजच्या आज घाला. गोळ्याच्या वर एक हात, खाली एक हात. मी येऊन घालीन. मोबदला नको, नोंद नको, पेन्सिलीनं लिहा की काहीही करा —

भाची हाक मारतेय. पाणी हवंय. म्हटलं आलेच.

आपण नऊला हत्यार सुरू करता. त्याआधी — आज, गुरुवारी, सकाळी साडेआठच्या आत — लेखी उत्तर हवं. तोंडी चालणार नाही. फोनवर —

पुन्हा हाक. आवाज बरा वाटतोय. म्हणतेय, दुखायचं थांबलं गं, एकदम थांबलं, तू लिही, मीच घेते —

नको म्हटलं. पहिल्या महिन्याच्या मागं फक्त मोडण्याचा क्षण उरतो. उतरू नको. पलंग वाजला. ती उभी रा—