लातुरातला पहिला कॅबरे

२० जुलै
ठरलं. एकपात्री कॅबरे करायचा. प्रेम, विरह, वासना. लातुरात आजवर कुणी केला नसेल. शेहेचाळिसाव्या वर्षी बाई मोकळी होते, असं आज आरशाला सांगितलं. कॉलेजातल्या सुदर्शनचा याच्याशी काही संबंध नाही. फक्त गाणी सगळी त्याच्यावर आहेत.

२३ जुलै
सर्वांत धीट गाणं आज झालं: 'बुलेटवरून आलास तू, मानेवर घाम तुझ्या'. काळा चमकीचा गाऊन शिवायला टाकला. टेलरने विचारलं, ताई, अस्तर कुठवर लावू? म्हटलं, अस्तर नकोच.
(घरी येऊन फोन केला. लाव म्हटलं. एसीचा विचार करून.)

२६ जुलै
हॉल मिळेना. शेवटी आपल्या समाजाचं मंगल कार्यालय. श्रावणात लग्नं नसतात, रिकामंच पडलेलं. महिला मंडळाच्या अध्यक्ष गुरम्मा काकूंकडे गेले.
"कॅबरे म्हंजे ते उघडं नाचतेत, तसलं का गं माय?"
नाही म्हटलं, एक बाई कुणाची तरी आठवण काढून गाते.
"कुणाची?"
भिंतीवर महादेवाचा फोटो होता. माझं बोट तिकडे गेलं. काकूंचे डोळे भरून आले. शेवटचा श्रावण सोमवार मिळाला, १८ ऑगस्ट.
हा निव्वळ डावपेच. गाण्यांच्या शब्दांना हात लावणार नाही.

२९ जुलै
कॉलेज ग्रुपवर निमंत्रण टाकलं. सुदर्शनला वेगळं पाठवलं. तो नांदेडला असतो, तिकडे नेट स्लो असतं. त्याचा अंगठा आला. नुसताच अंगठा, पण लगेच.

५ ऑगस्ट
काकूंनी तालीम ऐकली. "देव काय बुलेटवर येतोय व्हय गं? नंदी म्हण." म्हटलं. चालीत बसतं. मानेवरचा घाम गेला, निळा कंठ आला. कला सूचक असावी, हे माझं पहिल्यापासूनचं मत. ज्याला कळायचं त्याला कळेल.

११ ऑगस्ट
गाऊन आला. सुंदर. काकू म्हणाल्या, "ह्याच्यावरून पांढरं लुगडं नेस. आत कोण बघायलंय?" खरं आहे. आपण आत काय घातलंय, हे आपल्याला माहीत असलं की बास. कपाळाला विभूती, गळ्यात रुद्राक्ष. शो एकपात्रीच, मागे फक्त मंडळाच्या बायका टाळ घेऊन बसतील.
सुदर्शनचा मेसेज: फॅमिलीसह येतोय. फॅमिली म्हणजे आरती, त्याची बायको. येऊ दे. तिलाही एकदा कळू दे.

१८ ऑगस्ट, दुपार
शेवटचं गाणं सरळ त्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचं. 'ये ना, दार लोटलेलं आहे'. एवढ्या वर्षांत जे सांगितलं नाही, ते आज पोचवायचंच. त्याची मान खाली गेली, की समजायचं पोचलं.

१९ ऑगस्ट
मान खाली गेली. त्याने हात जोडले, डोळे मिटले. गुरम्मा काकू ढसाढसा रडल्या. हॉलभर हर हर महादेव झालं.
मग पाया पडायला रांग लागली. रांगेत तो. म्हणाला, "दामिनी, तू एवढी पोचलेली..." थांबला, मग स्वतःच सुधारलं. "तुम्ही. कॉलेजात आम्हाला वाटायचं, तुमचं कुणातच मन न्हाई. कुठं होतं ते आज कळालं बगा." आणि वाकला. त्याने मला हात लावला तो आयुष्यात पहिल्यांदा. पायांना.
त्याच्यामागून आरती वाकली. "अक्का, आशीर्वाद द्या."
सवयीने निघून गेलं तोंडातून. अखंड सौभाग्यवती भव.