जांभळं टिंब

बाई, परवा ढोकीच्या पुढं ऊसतोडीच्या टोळीवर गेले होते. आपला धर्मादाय दवाखाना आता गाडीतून फिरतो. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, बाकी दिवस मी आणि ड्रायव्हर, आणि आमची भांडणं. उसाच्या पाचटाच्या कोप्यांच्या मागं कुत्री घाण करतात, त्याच ओल्या मातीत पोरं अनवाणी खेळतात. सात-आठ वर्षांच्या एका मुलीच्या तळपायावर तीच लाल, फुगीर, नागमोडी रेषा दिसली. कुत्र्याच्या पोटातला किडा मातीतून पायात शिरतो आणि कातडीखाली रोज थोडा थोडा सरकतो, हे तुम्हीच तर मला शिकवलंत. मी तेरच्या दवाखान्यात नवीन असताना एका पोराच्या पायातल्या रेषेचं टोक सुईनं उकरायला बसले होते. तुम्ही मागून येऊन माझं मनगट धरलंत. ‘‘सोड. तो तिथं नाही. रेषा संपते तिथून तो कधीच पुढं गेलेला असतो,’’ म्हणालात. त्या दिवसापासून मी रेषेचं टोक बघत नाही, त्यापुढची कोरी कातडी बघते. अजूनही अंगावर काटा येतो.

या मुलीच्या घोट्याला काळा दोरा करकचून बांधला होता. किडा वर चढला की काळजाला जातो, असं तिची आजी म्हणत होती. पाऊल सुजून टम्म झालेलं. मी दोरा कापला तशी आजी माझ्यावर उखडली. सकाळी कोयत्याचं टोक तापवून डाग द्यायचं त्यांचं ठरलं होतं. मी डॉक्टरांना फोन करून मुलीला गोळी दिली, आजीला गोडीनं सांगितलं, मग रागावून सांगितलं. ती ऐकेना. शेवटी रेषेच्या टोकाशी निळ्या पेनानं आडवी खूण केली आणि म्हणाले, ही ओलांडून गेलं तर खुशाल डागा. गोळीचा गुण यायला वेळ लागतो हे मला माहीत होतं. तरी हट्टाला पेटून बोलून गेले. तुम्ही असता तर तिथंच माझी बिनपाण्यानं केली असती.

दुसऱ्या दिवशी पोचायला दुपार झाली. वाटभर जीव थाऱ्यावर नव्हता. डागलेलं पाऊल कसं दिसतं ते आपण दोघींनी पाहिलंय. मुलगी कोपीच्या दारात भाकरी खात बसलेली. पाय डागलेला नव्हता. मी खाली बसून पाऊल हातात घेतलं. रेषा माझी निळी खूण ओलांडून बोटभर पुढं गेली होती आणि पुढं एका जांभळ्या टिंबापाशी थांबली होती. अगदी टेकून. ते जांभळं औषध आमच्या गाडीत कितीतरी वर्षांत आलेलं नाही. काडेपेटीची काडी त्यात बुडवून असं गोल टिंब फक्त तुम्ही द्यायच्या.

हे कुणी केलं, असं विचारल्यावर आजी माझ्याकडं बघतच राहिली. ‘‘तुमच्याच बाई की. कोयता चुलीत घातला आन् त्या आल्या. चष्म्याला दोरी व्हती. पोरीचा पाय मांडीवर घिऊन म्हनल्या, हितं थांबंल, डागू नका.’’ दुसरी कुठली गाडी आली होती का, असं मी मुकादमाला विचारलं, शेजारच्या कोप्यांत विचारलं. कुणीच आलं नव्हतं. मुलगी भाकरी चावत एवढंच म्हणाली, ‘‘त्येंचा हात लई गार व्हता.’’

मी दुसरी गोळी दिली आणि हात धुवायला टँकरपाशी गेले. ऊन चटचट लागत होतं, टोळी फडात गेलेली, आजूबाजूला चिटपाखरू नाही. नळाखाली हात धरला आणि माझ्या मागं कुणीतरी येऊन उभं राहिलं. पावलं वाजली नाहीत, सावली पडली नाही, पण मानेला गारवा लागला. बाई, तुम्ही गेल्यापासून एकदा तरी दिसा म्हणून मी किती तळमळलेय. धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात तुमचं शेवटचं दर्शनही मला मिळालं नव्हतं. आमची अम्मा म्हणायची, तू आईवर नाही इतकी त्या बाईवर जीव टाकतेस. आणि काल नुसती मान वळवायची होती.

मी वळले नाही. डोळे गच्च मिटले आणि भुताखेतांपासून राखणारी कुराणातली आयत लहानपणी पाठ केली होती, ती भराभर म्हणायला लागले. गारवा जाईपर्यंत म्हणत राहिले. बाई, मी तुम्हाला घालवून दिलं.