राहिलेला भैरव

सासूबाई,

तुम्ही असताना मी तुम्हाला कधी चिठ्ठी लिहिली नाही. एका चुलीपाशी बसणाऱ्या बायकांना चिठ्ठ्या कशाला लागतात? जे बोलायचं ते तुम्ही तोंडावर बोलायचात आणि मी पाठीमागे. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोची काचसुद्धा बदलून झाली, आणि आज मला एक गोष्ट सांगायची आहे जी या घरात तुमच्याशिवाय कोणाला कळणार नाही. माझी चौथीपर्यंतची शाळा, अक्षर वाकडं, तेवढं चालवून घ्या. गोष्ट भुतांच्या गेमची आहे. हसू नका.

तुमची पणती, माझी नात, तुम्ही पाहिली नाहीत. पीथमपुरात मोटारीच्या कारखान्यात कामाला होती, तिथंच खोली घेऊन राहायची आणि सुटीला देवासला यायची. यंदा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी बाहेरच्या खोलीत पलंगावर पडले, तेव्हा तिनं आपलं गेमचं मशीन आणून टीव्हीला जोडलं. म्हणाली, आजी, तुझं मन रमेल. मी म्हटलं, माझं मन रमवायला भुतंच मिळाली का तुला. पण पडल्यापडल्या करणार काय, बघत राहिले. तळ्याकाठचं एक गाव असतं, पाणी चढून अर्धं बुडालेलं. एक मुलगी कंदील घेऊन घरोघर जाते. मारामारी नाही, पळापळ नाही, चालते तीही माझ्यासारखी, दर पावलाला विचार करून. घराघरात एक भूत. भूत म्हणजे दात विचकणारं नाही, उंबऱ्यावर नाहीतर चुलीपाशी बसलेलं आपल्यासारखंच माणूस. मुलीनं त्याच्याजवळ बसायचं आणि ते काय म्हणतं ते ऐकायचं, बस. मला माझी निसरपूरची मावशी आठवली. नर्मदेच्या धरणाचं पाणी गावात आलं तेव्हा तिला नव्या वसाहतीत घर मिळालं, पण मरेपर्यंत म्हणायची, मी घर सोडलं ते सगळ्यांनी लिहून घेतलं, घरानं मला सोडलं का ते विचारायला कोणी गेलं नाही. तिला असा गेम हवा होता.

आता खरी गोष्ट. पणतीनं हा गेम आधीच एकदा पुरा केला होता, तरी पुन्हा पहिल्यापासून खेळत होती. तुमचा नातू चिडला. एवढी शिकलीस, एकदा संपलं ना, मग पुन्हा काय तेच ते, म्हणाला. तिनं बापाऐवजी मला समजावून सांगितलं. कहाणी संपणं वेगळं. यात एकेक काम नीट केलं की बिल्ला मिळतो, ती त्याला अचीव्हमेंट म्हणते. तिच्याकडे सगळे होते, एकच नव्हता. एका फेरीत गावातल्या प्रत्येक भुताचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायचं, मधेच उठायचं नाही. पहिल्या खेपेला पोरीनं घाईघाईनं कळा दाबल्या, अर्ध्या वाक्यात उठली, आणि एकदा भूत गप्प झालं की झालं. पुन्हा बोलवायचं तर गावाच्या वेशीपासून सुरू करा. दसऱ्यानंतर तिची चेन्नईला बदली होती. म्हणाली, जाण्याच्या आधी हा घ्यायचाच, आणि तुझ्यासोबत घ्यायचा, नंतर मला कुठं वेळ मिळणारे.

मी तुमच्या नातवाला म्हटलं, पुन्हा काय ते तुझ्या आजीला विचार. आणि मग पोरीला आपल्या देवीच्या टेकडीची गोष्ट सांगितली. आठवते ना? लग्नानंतरचं माझं पहिलं नवरात्र. आपल्या घरची रीत अशी की पायथ्यापासून मौन धरून चढायचं, वाटेतल्या प्रत्येक देवळीत कुंकू वाहायचं, मोठी माता, छोटी माता, आणि शेवटी भैरव. मी धारची. आमच्या गावी एक कालिका, तिला हात जोडले की आम्ही उतरतो. मी दोन्ही मातांना नमस्कार केला आणि सरळ खाली येऊन फुलवालीपाशी चप्पल घालून उभी राहिले. मागून तुम्ही आलात. चपला घातल्यात, कमरेला खोचलेला पदर सोडलात, माझ्या पायांकडे बघितलंत.

"धारवाली, भैरव राहिला."

मला वाटलं, आता एकटीला पिटाळणार. तुमचं सगळं झालं होतं, दम लागला होता, ओठ सुकले होते. तरी तुम्ही पायातल्या चपला पुन्हा काढता आहात. मी म्हणते, तुम्ही बसा, मी पळत जाऊन भैरवाला नमस्कार करून येते. तुम्ही म्हणता, मधूनच कसं घुसायचं, तो काय मागच्या दाराचा पाहुणा आहे? आणि मग म्हणालात, "तुझं राहिलं म्हणजे घराचं राहिलं." पुन्हा पहिल्या पायरीपासून, पुन्हा प्रत्येक देवळीत कुंकू, माझ्यासोबत. मी चढताना तुम्हाला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते सांगत नाही. मौन होतं म्हणून वाचलात. पण वर भैरवापाशी पोचल्यावर तुमचा श्वास ऐकून मला कळलं की अशी बाई मी माहेरी पाहिली नव्हती.

पोरगी हे ऐकून पुन्हा खेळायला लागली. काय बसायची, सासूबाई. जिला कुकरची शिट्टी होईपर्यंत धीर नाही, ती अंगठा कळेवरून उचलून दगडासारखी बसायची. एक नावाडी होता, एक वाक्य बोलायचा आणि पाण्याकडे बघत राहायचा. चहावर साय धरली तरी बोलेना. मी म्हटलं, मेला पुन्हा मेला वाटतं. म्हणाली, चूप ना आजी, बोलेल तो. आणि बोलला. इंग्रजीत बोलायचा, ती मला अर्ध्या हिंदीत अर्ध्या मराठीत सांगायची, शब्द अडला की हात हलवायची. मी कीर्तनं खूप ऐकली, पण असं ऐकणारं माणूस घरात पहिल्यांदा बघितलं.

खंडेनवमीच्या संध्याकाळी शेवटचं घर आलं. चुलीपाशी एक म्हातारी, आपल्याकडे पाठ करून बसलेली, धागा धागा उसवावा तशी बोलत होती. तेवढ्यात आतून सुनेनं हाक मारली, बॅगेची चेन लागत नव्हती. पोरीनं रिमोट माझ्या हातात दिला. नुसता धरून बस, काही दाबू नको. मी धरून बसले. आणि टेकडीवर आरती सुरू झाली. भोंग्यातून घंटा ऐकू आली आणि माझे हात आपोआप जुळले, सासूबाई, तुम्हीच लावलेली सवय. रिमोट दोन्ही तळव्यांच्या मधे. टीव्हीतली मुलगी उठून उभी राहिली आणि म्हातारी शब्दाच्या मधेच थांबली.

पोरगी आली, तिनं बघितलं. मी जीभ परजूनच बसले होते, एवढा नाजूक होता तर म्हातारीच्या हातात कशाला दिलास म्हणून. पण तिनं टीव्हीकडे बघितलं, माझ्या जोडलेल्या हातांकडे बघितलं आणि शेजारी येऊन बसली.

"भैरव राहिला, आजी."

आणि वेशीपासून सुरू केलं. त्या रात्री जेवणापर्यंत आम्ही नावाड्याच्याही अलीकडे होतो. मला ठाऊक होतं आणि तिलाही, की आता होणार नाही. दसरा झाला, सोनं वाटून झालं. तुमच्या नातवानं मशीन खोक्यात भरून ठेवलं होतं. तिनं ते बाहेर काढून पुन्हा टीव्हीखाली मांडलं आणि बापाला एवढंच म्हणाली, "पप्पा, आजीचं राहिलंय." तो म्हणाला, आई काय करणार याचं. मी म्हटलं, तू फोनचं करतोस तेच, फक्त मी पुरं करीन.

आता मीच खेळते. इंग्रजी वाचता येत नाही, पण कोण काय म्हणतं ते तिनं सांगितलेलं लक्षात आहे. ती तिकडून विचारते, कुठपर्यंत? मी सांगते, नावाडी झाला, विहिरीवरची झाली. आरतीच्या वेळी रिमोट खाली पलंगावर ठेवते, तेवढी अक्कल आली. परवा म्हातारी शेवटपर्यंत बोलली आणि कोपऱ्यात बिल्ला टिणकन वाजला. पोरीला फोन केला तर ती कंपनीच्या बसमधे ओरडली, लोक बघायला लागले म्हणे.

ही चिठ्ठी टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकली नसती. एवढं कौतुक वाचून तुम्ही माझ्या डोक्यावर बसला असतात. फक्त एक सांगते, पोरीलाही सांगितलेलं नाही. बिल्ला मिळाला तरी ती म्हातारी जात नाही, बोलून झाल्यावर तशीच पाठ करून बसते, आणि तिच्या पाठीला तुमच्यासारखाच बाक आहे. कंदीलवाल्या मुलीला तिच्याजवळून उठवायची कळ कुठली ते मला आता चांगलं माहीत आहे. रोज टीव्ही लावते, आणि दाबायचं राहून जातं.