गाडीला आवतण

५ ऑगस्ट, मंगळ.
माय आज उलटी न करता नागपूरला पोचली. हे आधी लिहून ठेवते, बाकी मागून.

गेला आठवडा बसने नेलं. सावनेर यायच्या आत तिच्या पदराला वास, माझ्या पिशवीला वास, कंडक्टर तोंड फिरवून उभा. डिझेलचा वास तिला कधीच सोसला नाही, आणि आता तर गर्भाशयाच्या गाठीवर रेडिएशन. ती त्याला ‘शेक’ म्हणते. सोमवार ते शुक्रवार, रोज. धर्मशाळेत जागा नाही, नागपुरात नातेवाईक नाहीत. जाऊन येऊनच करायचं.

नवऱ्याने, प्रकाशने, मोटारपंपाच्या दुकानात बसून मोबाइलवर बातम्या वाचून वाचून ही इलेक्ट्रिक गाडी बुक केली, तेव्हा मी त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. इथे सौंसरमध्ये गाडी बिघडली तर पाहणार कोण, एवढंच माझं म्हणणं होतं. आज मात्र मागच्या सीटवर उशी टाकून मायला आडवी केली आणि निघाले. लोधीखेडं गेल्यावर ती उठून बसली. म्हणे, “सुमे, चालू हाय का बंद पडली व? आवाजच नाई येऊन राहिला.”

नवऱ्याची अक्कल इतक्या वर्षांनी कामी आली. त्याला सांगितलं नाही.

८ ऑगस्ट, शुक्र.
मी शिकवते त्या रामाकोन्याच्या शाळेतून रजा मंजूर. हेडमास्तरांनी कपाळाला आठ्या घालून सही केली, पण केली.

संध्याकाळी प्र. अंगणात प्लग लावतो तेव्हा माय ओट्यावर बसून पाहते.
“आता खाऊन राहिली का?”
“हो.”
“रातभर?”
“हो माय, रातभर.”
“म्हाताऱ्या बैलावानी हाय. घास चावून खाते.”

लोधीखेड्याला बाबा असेपर्यंत बैलजोडी होती. मग दादानं ट्रॅक्टर घेतला, नंतर तोही पांढुर्ण्याला राहायला गेला. माय कशाबद्दलच कुरकुर करत नाही. लेकीच्या घरचं अन्न खावं लागतं, याची मात्र तिला लाज वाटते. मला राग येतो.

प्र.ची आजची बातमी: चीनमध्ये म्हणे चहा पिऊन होईस्तोवर गाडीची बॅटरी भरते. मायचं उत्तर: “इतकं भराभरा खाऊन पचते का पण?”

१४ ऑगस्ट, गुरु.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निम्मं झालं. गाठ आकसून राहिली आहे. पण खंड पडू देऊ नका. मध्येच थांबलं तर ती पुन्हा डोकं वर काढते आणि आधीच्या शेकाचा उपयोग राहत नाही. बाई फार शांत बोलतात, त्याचीच भीती वाटते.

बाहेर येऊन मायला सांगितलं. ती गाडीत बसायच्या आधी बोनेटवर हात ठेवून काहीतरी पुटपुटली. रोजच करते. मी विचारत नाही.

२१ ऑगस्ट, गुरु.
उद्या पोळा. आज खांदमळणी. परतल्यावर मायने वाटीत हळद अन् तूप कालवलं आणि पळसाचं पान मागितलं. मला वाटलं, शेजारच्या खरबड्यांच्या बैलांकडे जायचं असेल. ती गाडीपाशी गेली. दोन्ही बाजूंनी, चाकाच्या वर जिथे पत्रा फुगीर आहे तिथे तूप-हळद चोळली. बैलाचे खांदे चोळतात तशीच. मग वाकून म्हणाली, “आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.”

प्र. हसला. मीही हसले. मग हसू थांबलं, कारण तिचे डोळे भरले होते. शेक सुरू झाल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

२२ ऑगस्ट, शुक्र. पोळा.
सकाळी नागपूर, दुपारी परत, मग पुरण. कंबर मोडली. संध्याकाळी मायने गाडीला ओवाळलं. बोनेटवर कुंकू, आरशाला बेगड, समोर आंब्याच्या पानांचं तोरण. खरबड्यांच्या घरची माणसं बघायला आली. मी पोळ्या लाटायला आत गेले, ती तिथेच होती.

मस्त दिवस. शेकाचे थोडेच दिवस राहिले.

२३ ऑगस्ट, शनि.
गाडी चार्ज झाली नाही. रात्री प्र.ने अंधारात प्लग लावला तेव्हाच घरातला स्विच पडला. त्याला वाटलं वीज कमी-जास्त झाली असेल, वर केला अन् झोपला. सकाळी पाहते तर मागच्या चाकापासून वर मुंग्यांची रांग. रांग प्लगच्या कडेने गाडीच्या सॉकेटमध्ये गेलेली. प्लग उपसला. आत पुरण.

सगळ्या भोकांतून पुरण. वर तूप. आणि ओलं.

मी तशीच उभी, तेवढ्यात माय ओट्यावरून म्हणाली, “खाल्लं का व तिनं? मी पाणी पन पाजलं. जेवल्यावर तोंड खंगारा लागते न.”

आवतण दिलं होतं तिनं. जेवायला बोलावून उपाशी कोण ठेवतं? रोज तिथूनच खाताना पाहत होती.

“खाल्लं,” म्हटलं.

प्र.ने ब्रशने, कापसाने, स्प्रेने साफ केलं. तो आयुष्यभर पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करत आला, सॉकेट काय चीज आहे. पण आत जाड नारंगी केबल दिसली आणि त्याने हात मागे घेतला. तिच्यावर जिवाला धोका असल्याची सूचना लिहिली आहे. मोबाइलच्या ॲपमध्ये लाल अक्षरं, सेवा केंद्राशी संपर्क साधा. गाडीत आहे तेवढी चार्जिंग नागपूरपर्यंत पुरत नाही.

दादाला फोन केला, सोमवारी तुझी गाडी घेऊन ये. आज पांढुर्ण्याची गोटमार, दोन गावांनी एकमेकांवर दगड मारायची जत्रा. मागे इतका आरडाओरडा की तो काय म्हणाला कळलंच नाही. डोकं शाबूत राहिलं तर येईल.

२५ ऑगस्ट, सोम.
दादा आला. कपाळावर एक पट्टी, चेहऱ्यावर मोठा पराक्रम. गाडी डिझेलची. सगळ्या काचा उघड्या ठेवल्या, मायच्या नाकाला संत्र्याची साल धरली. सावनेरच्या अलीकडे पहिली उलटी, पलीकडे दुसरी, दवाखान्याच्या दारात तिसरी. शेकाच्या टेबलावर हलायचं नसतं. तिला उबळ येत होती आणि ती दात आवळून पडून राहिली, असं आतल्या ताई म्हणाल्या.

येताना परत तेच. घरी आल्यावर विचारलं, “आपल्या गाडीले झालं तरी काय?”

प्र. पटकन म्हणाला, “अपडेट चालू हाय, माय.” बिचाऱ्याला दुसरं सुचलं नाही.

“लय दिवस लागते का त्याले?”

२६ ऑगस्ट, मंगळ.
सपाट पाठीचा ट्रक आला अन् गाडी वर चढवून नेली. तोरण तसंच होतं. माय दारात उभी राहून पाहत होती, माहेरवाशीण निघाल्यासारखी. नंतर दादाच्या गाडीने नागपूर. लिहवत नाही.

प्र. रोज मोबाइलवर गाडी पाहतो. नकाशावर ठिपका, नागपुरात. दारं बंद आहेत असं दाखवतं. इथे बसून तिचे दिवे लावता येतात, गारवा लावता येतो. कुठल्याशा देशात विनाड्रायव्हरच्या गाड्या माणसं नेतात-आणतात, हीपण त्याने वाचलेली बातमी. मी म्हटलं, गप बस.

२९ ऑगस्ट, शुक्र.
मध्ये गणपतीची सुट्टी. आज दवाखान्यातून तशीच सेवा केंद्रात गेले. काचेमागे गार हवा, कॉफीचं मशीन. तिथला माणूस नम्र. “मॅडम, सॉकेटमध्ये फूड मटेरियल निघालं. आतपर्यंत पाणी गेलं आहे. पूर्ण जोडणीच बदलावी लागते. वरून मंजुरी आली की पार्ट मागवू.”
मंजुरी कधी?
“सांगता येत नाही.”
पार्ट कधी?
“मंजुरी आल्यावर सांगू.”

मी मोठ्याने बोलले. माझी आई, गाठ, शेक, खंड, सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता. त्याला वाईटही वाटलं असेल. पण त्याच्या हातात काही नव्हतं, त्याच्या साहेबाच्याही नव्हतं, आणि ज्याच्या हातात होतं तो कुठल्या शहरात बसतो हे दोघांनाही माहीत नव्हतं. भांडायलाही समोर माणूस लागतो.

सौंसरमध्ये अशी दुसरी गाडी एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे आहे. प्र. तिथे जाऊन आला. व्यापारी गाडी घेऊन दक्षिणेत देवदर्शनाला गेला आहे.

१ सप्टें., सोम.
आज घात झाला.

पेट्रोलची टॅक्सी करून पाहिली. वास कमी असेल म्हणून. गावाबाहेर पडताच उलटी. मागून येणारा दादा त्याच्या गाडीतून उतरला, रस्त्याच्या कडेला मायची पाठ चोळू लागला. ती विचारत होती, अपडेट झाला का, अपडेट झाला का. तो वैतागला. त्याचा स्वभाव वाईट नाही, तोंड वाईट आहे. म्हणाला, “कायचा अपडेट! तूच तं तिच्या तोंडात पुरण कोंबलं अन् वरून पाणी ओतलं. जळली ते!”

मायने पदराने तोंड पुसलं आणि घराकडे पायी चालू लागली. आम्ही दोघं मागे मागे. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत राहिला.

नागपूरला गेलो नाही.

२ सप्टें., मंगळ.
नाही येत म्हणते. “माह्या हातचं खाऊन जनावर पडलं. आता मले नको नेऊ कुठं.”

मी चिडले. लिहायला लाज वाटते, पण चिडले. म्हटलं, जनावर नाही ते, माय! लोखंड आहे, प्लास्टिक आहे, जीव नाही त्यात.

ती म्हणे, “मंग पूजा काहून करू देल्ली?”

मी चहा ठेवायला उठले.

३ सप्टें., बुध.
एकटीच दवाखान्यात गेले, बसने. डॉक्टरीणबाईंनी पेशंट कुठे विचारलं. सगळं सांगितलं, पुरणासकट. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “लवकर आणा. जितका उशीर तितकं अवघड. किती वाया गेलं हे आणल्यावर पाहू.” उचलून आणू का, असं माझ्या तोंडून निघालं. म्हणाल्या, “जबरदस्तीने आणलं तर टेबलावर शांत पडून कोण राहील?”

बसमध्ये रडले. शेजारची बाई सावनेरला उतरताना माझ्या मांडीवर एक केळं ठेवून गेली.

५ सप्टें., शुक्र.
शाळेतल्या पोरींनी फोनवर शिक्षकदिनाचं गाणं म्हटलं. मायला ऐकवलं. “छान म्हणतात,” म्हणाली आणि कुशीवर वळली.

हल्ली ती कोणाला वाढत नाही. पोळीचा तुकडासुद्धा स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या ताटात टाकत नाही. खरबड्यांचा बैल दारात आला की घास माझ्या हातात देते आणि मागे सरकते. दादा येऊन पाया पडून गेला. तिने डोक्यावर हात ठेवला नाही. तो बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, एवढा गोटमार खेळणारा माणूस.

प्र.ने तिला समजावलं की पार्ट येणार, गाडी बरी होणार. तिने ऐकलं आणि विचारलं, “तिले लय दुखलं असंन का?”

८ सप्टें., सोम.
मंजुरी आली. पार्टही आला म्हणतात. कसा काय एकदम आला, कोणाला माहीत. ज्या दिवशी मी ओरडले नाही, फोन केला नाही, त्या दिवशी आला.

९ सप्टें., मंगळ.
गाडी आली. धुतलेली, चकचकीत. कुंकू नाही, हळद नाही, काही नाही. प्र.ने प्लग लावला. हिरवा दिवा लागला तेव्हा हा माणूस अंगणात मटकन खाली बसला.

मायला हात धरून आणलं. तिने लांबूनच पाहिलं. म्हटलं, हात लाव, बघ, बरी झाली. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

“उद्या जायचं, माय.”
“पाहू.”
“पाहू नको. हो म्हण.”
“तू कायले हात जोडते व मले? मी मोठी का तू?”

मी हात जोडले होते, हे मला तिने म्हटल्यावर कळलं.

१० सप्टें., बुध.
सकाळ. गाडीत बसून लिहितेय. चार्जिंग पूर्ण. मागे उशी ठेवली, पाण्याची बाटली ठेवली, दार उघडं सोडलं. डॉक्टरीणबाईंना कळवलं की निघतो. खरं-खोटं देव जाणे. आता मला करण्यासारखं काही उरलेलं नाही.

माय ओट्यावर आहे. आंघोळ झाली आहे, धुतलेलं पातळ नेसली आहे, वेणीही घातली आहे. चप्पल पायरीवर आहे. ती चपलेकडे पाहत नाही, गाडीकडे पाहते. मघाशी प्र. चप्पल तिच्या पायाशी सरकवायला निघाला, त्याला मी मानेनेच नको म्हटलं.

गाडी चालू आहे. आवाज नाही, त्यामुळे तिला कळत नसेल. हॉर्न वाजवणार नाही. बसून राहीन.