मागचे शॉकअप एक इंच उंच

नांदेड, मंगळवार

आदरणीय रामकिशन मामा यांना संघपालचा सविनय जयभीम.

आम्ही सगळे इकडे ठणठणीत आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींची साखर ताब्यात आहे ना? धम्मप्रिया आणि बाळ दोघंही झोपतात की आळीपाळीने जागतात? खरं तर हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण उभा जन्म पोस्टात काढलेला माणूस फोनवर नुसता हं हं करतो आणि पत्राला मात्र उलट टपाली उत्तर देतो, हे मला माहीत आहे, म्हणून लिहायला बसलो. (पिनकोड दोनदा तपासला आहे. मागच्या खेपेला शेवटचा आकडा चुकला होता, तेव्हा तुम्ही उत्तरात आधी माझी चूक लिहिली होती आणि बढतीचं अभिनंदन त्याच्या खाली, बारीक अक्षरात.)

विषय माझ्या मोटारसायकलच्या मागच्या शॉकअपचा आहे. पण गोष्टीची सुरुवात तुमच्यापासून होते, त्याला माझा इलाज नाही. दोन वर्षांपूर्वी तुमच्या लेकीच्या, धम्मप्रियाच्या लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून त्रेचाळीस नावं होती. त्यात तुमची स्कूटर दुरुस्त करणाऱ्याचं नाव होतं आणि तुमच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं नव्हतं. तुम्ही म्हणता छापखान्याची चूक. आई म्हणते, छापखानेवाल्याला काय माहीत बहीण कोण आणि गिऱ्हाईक कोण. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे आणि म्हणूनच भांडण मिटत नाही. आता बाळाच्या नामकरणाची पत्रिका आली. या वेळी सगळ्यात वर आईचं नाव, 'सरजाबाई' असं ठळक छापलंय. आईने ती चष्मा लावून तीनदा वाचली, मग पाकीट उलटसुलट करून पाहिलं. पत्त्यावरचं अक्षर तुमचं नव्हतं. मग पत्रिका टीव्हीखाली जपून ठेवली आणि रात्रीच्या भाजीत मीठ विसरली.

यायचं तिच्या मनात आहे, मामा, अगदी पुरेपूर आहे. पण एसटीने यायला तयार नाही. एसटीने आलं की स्टँडवर घ्यायला कुणीतरी लागतं, म्हणजे येते म्हणून आधी कळवावं लागतं, म्हणजे आपण होऊन बोलावं लागतं. (हा सगळा हिशोब तिने भाकरी थापता थापता केला.) त्यापेक्षा लेकाच्या गाडीवर बसून थेट दारात उतरायचं, असं ठरलं. तिथेच अडचण आली. माझी गाडी तुम्ही पाहिलेली नाही. क्रूझर म्हणतात त्या जातीची आहे, लांबलचक आणि बुटकी. पाच फूट तीन इंचाच्या माणसाचे (बूट घालून) दोन्ही पाय टेकतील अशी दुसरी भारदस्त गाडी नांदेडच्या बाजारात नव्हती. तिच्यावर मी एकटा बसलो तर झकास चालते. मागे कोणी बसलं की मात्र मागचा भाग खाली दबतो आणि प्रत्येक स्पीडब्रेकर मागच्याच्या पाठीत वाजतो. आई एकदाच बसली होती. कॅनॉल रोडवरच्या दुसऱ्या स्पीडब्रेकरनंतर उतरली आणि घरापर्यंत चालत आली, माझ्या पुढे. नामकरण रविवारी, लातूर सवाशे-दीडशे किलोमीटर, आणि वाटेत लोहा, अहमदपूर धरून किती स्पीडब्रेकर आहेत ते मोजायला मी बसलोच नाही.

म्हणून शिवमूर्तीकडे गेलो. हा देगलूरकडचा मेस्त्री, चिडला की कानडीत शिव्या देतो, त्यामुळे कुणाला वाईट वाटत नाही. त्याने मागचा भाग दाबून पाहिला आणि म्हणाला, "सर, ही बसूनच राहिली. लांब शॉकअप टाका. पर आधी मागं माणूस बसवून बघा, किती दबते ते." शॉकअपची लांबी वरच्या बोल्टापासून खालच्या बोल्टापर्यंत मोजतात, हे मला पहिल्यांदा कळलं. माझे साडेअकरा इंचाचे. त्याच्याकडे साडेबारा आणि साडेतेरा असे दोन प्रकार होते. आता मागे बसवायचा माणूस म्हणजे आई, आणि ती तर गाडीकडे बघायलाही तयार नाही. तिला वजन विचारण्याची हिंमत माझ्यात नाही, समीक्षात तर नाहीच. (सून होऊन तिला सात वर्षं झाली, तरी काही गोष्टी ती अजून विचारत नाही.) मी अंदाजाने तूरडाळीचं पन्नास किलोचं पोतं आणलं आणि मागच्या सीटवर दोरीने आवळलं. मग दोन्ही प्रकारांतले मोठे, म्हणजे साडेतेराचे शॉकअप बसवून घेतले. शिवमूर्ती नको नको म्हणत होता, पण आईच्या बाबतीत इंचाची कंजुषी करायची नाही, असं मी त्याला ठणकावलं.

मामा, दोन इंच म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी समजलं. गाडी पुढे वाकून खाली पडलेलं काहीतरी शोधतेय अशी दिसायला लागली. मेन स्टँडवर घेतली तरी मागचं चाक जमिनीवरच. साइड स्टँडवर तर इतकी कलायची की मी त्याच्याखाली समीक्षाचं पोळपाट ठेवलं. (ते तिने दहा मिनिटांत परत नेलं, आणि वर दोन दिवस चहात साखर कमी.) आणि माझे पाय! आमच्या गल्लीच्या तोंडाशी गंगम्मा भाजीचा गाडा लावते. तिथे मी रुबाबात ब्रेक मारला, पाय खाली सोडला आणि जमीन जिथे असायला हवी होती तिथे नव्हती. मी, गाडी आणि आई, म्हणजे पोतं, असे तिघे अगदी सावकाश मेथीच्या जुड्यांवर आडवे झालो. मला खरचटलंही नाही. गंगम्मा म्हणाली, "पाय पुरत न्हाईत तर सायकल घ्यायची की सर!" आणि गल्लीभर जो हशा पिकला, त्यानेच आई बाहेर आली.

तिने आधी मला पाहिलं, मग दोरीने बांधलेलं पोतं पाहिलं. "हे काय हाय?" म्हणाली. मी काहीतरी थाप शोधत होतो, तेवढ्यात समीक्षा शांतपणे म्हणाली, "हे तुम्ही आहात, आई." (ही बाई शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवते, त्याचा हा घरच्यांना होणारा त्रास.) मला वाटलं, संपलं, आता लातूर विसरायचं. आईने पोत्यावरचा आकडा वाचला आणि तिचा चेहरा लालबुंद झाला. "पन्नास? मी काय दुखणाईत हाय का? बासष्ट किलो हाय मी! बासष्टच्या हिशोबानं करून घे ते." आणि दुसऱ्या दिवशी पोत्यावर भरवसा नको म्हणून स्वतःच गॅरेजवर आली.

शिवमूर्तीने तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि साडेबाराचे शॉकअप चढवले. स्प्रिंग दोन खाचा घट्ट केली. साखळी थोडी सैल करावी लागली, साइड स्टँडला खाली लोखंडाचा तुकडा जोडला. मला सामान राखायला ठेवावं तसं त्याने बाजूला उभं केलं आणि सगळं आईला विचारून केलं. "आज्जी, बसा. आता हला. कडक वाटून राहिलं का?" आई गंभीरपणे सांगत होती, उजव्या बाजूनं जरा जास्त, आता बरं. मग आम्ही कॅनॉल रोडवर गेलो. पहिला स्पीडब्रेकर गेला. दुसरा गेला. "परत घे," म्हणाली. मी परत घेतला. असं पाच वेळा झालं. पाचव्यांदा मागून आवाज आला, "त्याच्या गल्लीतबी एक स्पीडब्रेकर हाय ना रे, घराच्या अलीकडं?" दोन वर्षांत तिने तुमच्या घराचा उल्लेख केला नव्हता, मामा. मी उगाचच हॉर्न वाजवला.

तर आम्ही रविवारी पहाटे निघतो आहोत. लोह्याला चहा, अहमदपूरला नाष्टा, दहाच्या सुमाराला तुमच्याकडे. आईने नवी साडी काढली आहे आणि बाळाला झबलं शिवलंय. ते मला दाखवलेलं नाही, पण शिलाई मशीन तीन दिवस चालू होतं. मामींना जयभीम, बाळाला पापा.

तुमचा भाचा,
संघपाल

ता. क. – मुद्द्याचं राहिलंच. साडेबाराच्या शॉकअपवर आई मागे बसली की माझे फक्त चवडे टेकतात. कोणी गाडी धरल्याशिवाय ती उतरूच शकत नाही, नाहीतर दोघंही तुमच्या दारात आडवे. तेव्हा दहा वाजता तुम्ही दाराबाहेर येऊन उभे राहा. एका हाताने गाडी धरा, दुसरा हात आईला द्या. जावईबापूंना पाठवू नका, ते नवखे आहेत, हे काम तुम्हालाच जमेल.

ता. क. २ – तुमच्याशी खोटं कशाला बोलू? काल शिवमूर्तीने माझ्या पुढच्या सीटचा फोम दोन बोटं कापून दिला आणि आता माझे दोन्ही पाय टाचेसकट टेकतात. आईला हे माहीत आहे. काल उतरताना तिने माझ्या पायांकडे बघून घेतलं आणि म्हणाली, "तिकडं मात्र पाय पुरत न्हाईत असंच सांग."