रेवाची झोप आणि पश्चिमेची खिडकी

गुडगाव, १४ मे २००१

शाळेला आजपासून सुट्टी. मास्तरकीचं हे एक सुख.
सकाळी आठला रेवा कामावरून आली, चहा प्यायली, मला 'गुड नाइट' म्हणाली. कॉल सेंटरला लागून दोन महिने झाले, तेव्हापासून हे रोजचं. नऊला झोपते. एकपर्यंत ठीक. मग सूर्य बेडरूमच्या खिडकीतून थेट उशीवर. आज दीडला उठून बसली. "यार, मी काय भरताचं वांगं आहे?" मी हसलो. चूक झाली. रडायलाच लागली. असंच चाललं तर नोकरी सोडते म्हणाली. आणि ही नोकरी तिला मनापासून आवडते.
सध्याचे पडदे लग्नात आलेले. फिके पिवळे, गाळण्याच्या कापडासारखे. म्हटलं, मी शिवतो नवीन. बोलून बसलो.

१५ मे

शाळेच्या लॅबमधून थर्मामीटर आणला (विचारून. म्हणजे विचारीन). दुपारी २, पलंगाजवळ: ४१.
शेजारच्या चावला आंटींना सल्ला विचारला. "बेटा, वेलवेट! वेलवेट के आगे सूरज की क्या मजाल!" त्यांचे जुने मरून पडदे दिलेसुद्धा.

१६ मे

मखमल लावली. आत बिल्कुल थिएटर. दुपारी २: ४२. म्हणजे वाढलं. पडद्याला हात लावला तर तवा. रेवा घामेघूम होऊन बाहेर हॉलमध्ये फरशीवर झोपली.
मखमल परत. आंटी नाराज.

१७ मे

दिल्लीचा सरोजिनी नगर बाजार. बस, पुढे ऑटो. कापडातून उजेड किती येतो ते नुसतं बघून कळत नाही, म्हणून डोक्यावरून कापड घेऊन दुकानाच्या दारात उन्हात उभा राहिलो. दुकानदार: "भाईसाब, फोटो खींच रहे हो?" मी आतून: "अँधेरा देख रहा हूँ." त्यानंतर तो नुसते तागे आणत राहिला.
हिरव्यात हिरवा उजेड. तपकिरीत संध्याकाळ. जाड निळं ड्रिल, त्यात मात्र स्वतःचा हात दिसेना. खूश होऊन डोकं बाहेर काढलं तर समोर दोन बायका उभ्या. एक म्हणाली, "हमें भी यही दिखाओ." दोघींनी तेच घेतलं. दुकानदाराने मला चहा पाजला.

१९ मे

आंटींचा राग गेला. शिलाई मशीन दिलं, आणि मशीनबरोबर त्या स्वतःही आल्या.
पहिला पडदा माझ्या शर्टाच्या बाहीसकट शिवला. उसवला. दुसरा बरा. सुरकुत्या जाव्यात म्हणून दोन्ही धुतले, तर वीतभर आटले. "कपड़ा पहले भिगोते हैं," आंटी आता सांगतात! उरलेल्या ड्रिलची पट्टी खाली जोडली. तिरकी आहे. पण आहे.

२० मे

दुपारी २: ४०. अंधार पक्का, गरमी तशीच. रेवा: "आता भट्टीचं दार लावलंस."
चारला साताऱ्याहून आईचा फोन. ती सिव्हिलमधून रिटायर झालेली नर्स, बोलायला फटकळ. सून दिवसा झोपते आणि मुलगा पडदे शिवतो, हे भीत भीत सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "कापड कुठलं?"
"निळं ड्रिल."
"अरे नंदू, गडद रंग कुणी उन्हाकडे करतं का? बाहेरच्या अंगाला पांढरं मांजरपाट लाव. दुहेरी."
"तुला कसं माहीत?"
"बारा वर्षं नाइट केल्या मी. डोक्यावरून चादर घेऊन पडायचे, आणि तुम्ही दोघं भाऊ माझ्या पलंगाभोवती शिवाशिवी खेळायचात."
मग तीच म्हणाली, "माझा फोन आला म्हणून तिला उठवू नकोस."
शिवाशिवी मला आठवते. आई झोपलेली असायची, हे आजच कळलं.

२१ मे

मांजरपाट हिंदीत काय? आंटींना 'बिल्लीवाला कपड़ा' सांगून पाहिलं. त्यांनी हात जोडले. शेवटी पांढरं, जाड, सुती, असं खुणांनी सांगून इथल्याच बाजारात मिळालं. आधी भिजवलं.

२४ मे

दोन दिवस शिवत होतो. आज लावले. बाहेरून पांढरे, आतून निळे. दुपारी २: ३६!! दोनदा पाहिलं. थर्मामीटर झटकूनही पाहिला.
रेवा साडेपाचपर्यंत झोपली. खाली ऑफिसची गाडी हॉर्न वाजवत होती तेव्हा जागी झाली. ओले केस, एका पायात माझी चप्पल, तशीच पळाली. जिन्यावरून ओरडली, "पडदे बेस्ट!"
आईला फोन केला, तिरक्या पट्टीसकट सगळं सांगितलं. "बरं," म्हणाली. मग, "तिरकी पट्टी काढून सरळ लाव."

२८ मे

ऑफिसने रेवाला दिवसाची शिफ्ट देऊ केलीय. नव्या पोरांना ट्रेनिंग द्यायचं. मी म्हटलं, अरे वा, रात्रीचं जागरण सुटलं! ती म्हणाली, "घरात एक मास्तर पुरे. मला फोनवरची माणसंच आवडतात." मग म्हणाली, "पण आपण दोघं एकत्र जेवलोच नाही रे दोन महिने." उत्तर आजच द्यायचंय.
"झोपून उठले की ठरवते," म्हणाली आणि पडदे ओढले.
आता पाच वाजलेत. आतून काही आवाज नाही. मी भाजी चिरून ठेवलीय, दोघांची.