माझ्या अठ्ठेचाळीस डरकाळ्या

३ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ७
आज सिनेमा लागतोय. आजपासून रोजनिशी. पुढे लोक तारखा विचारतात, तेव्हा आठवत बसायला नको.

नोंद: परदेशी सिनेमा. साठ मजली रोबोट विरुद्ध समुद्रातून आलेला राक्षस. आपल्या भाषेतल्या डबिंगमध्ये राक्षस मी. तीन दिवस रेकॉर्डिंग, अठ्ठेचाळीस डरकाळ्या, दोन हुंदके. नंतर आठवडाभर घशातून शब्द फुटत नव्हता. हिला तो आठवडा आवडला असावा, असा संशय आहे.

रोबोटचा आवाज रेडिओचा. हा पूर्वी रेडिओवर बातम्या वाचायचा, म्हणून स्टुडिओत सगळे त्याला रेडिओच म्हणतात. चेहरा साधा. साध्या चेहऱ्याच्या माणसांपासून सावध राहावं.

संध्याकाळी ७
ही, सासूबाई आणि मेहुणा, सगळ्यांना घेऊन पाहून आलो. पहिल्या डरकाळीला खुर्ची हादरली. माझाच आवाज, पण इमारतीएवढा. शेवटाकडे जी घोगरी खरखर येते ती माझीच, लगेच ओळखली. ही पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती. अभिमान, दुसरं काय.

बाहेर मेहुण्याला मत विचारलं. म्हणाला, रोबोट जबरदस्त. राक्षस कसा वाटला? म्हणाला, मोठा होता. सासूबाई म्हणाल्या, त्या प्राण्याला कोणीतरी नीट समजावून सांगायला हवं होतं. ही पर्समध्ये पार्किंगची पावती शोधत होती. पावती माझ्या हातात होती.

शेवटच्या नावांत माझं नाव दिसलं नाही. फार भराभर सरकली. रेडिओचं मात्र सावकाश गेलं.

४ ऑक्टोबर, शनिवार
सकाळी लिफ्टमन मला बघून म्हणाला, शहर माझं आहे, हात लावू नकोस. हे रोबोटचं वाक्य. याला कोणी शिकवलं? डरकाळी काढून दाखव म्हटलं, तर हसला आणि माझा मजला चुकवला. डरकाळीची नक्कल कोणी करत नाही, कारण ती येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे.

५ ऑक्टोबर, रविवार
दिवसभर इंटरनेटवर प्रेक्षकांची मतं वाचली. रोबोटला दहापैकी दहा. कथा कुठे हरवली? दोन तास कोणीतरी भांडी आपटतंय. राक्षस मेला तेव्हा मला झोप लागली होती, शेवट सांगा.

राक्षसाच्या आवाजाबद्दल चकार शब्द नाही. एवढ्या लोकांना एकाच वेळी एकच गोष्ट सुचत नाही, याचा अर्थ ती सुचू दिली जात नाही.

'निःपक्षपाती प्रेक्षक' या नावानं मी चार परिच्छेद लिहिले. दहा मिनिटांत उत्तर आलं: आपण राक्षसाचे नातेवाईक का? भाषा शुद्ध होती. बातम्या वाचणाऱ्यासारखी.

७ ऑक्टोबर, मंगळवार
डबिंगवाल्या मॅडमचा फोन. लहान मुलांच्या मालिकेत बोलणारी शेळी आहे, महिनाभराचं काम, करता का? नाही म्हणालो. डरकाळीवरून बें बें वर कोण उतरेल? आता थेट दुसऱ्या भागाचंच बोलू, असंही सुनावलं. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे. घाबरल्या असाव्यात.

ही म्हणाली, शेळी तर शेळी, तीही बोलणारी. हिला कलेतलं कळत नाही. मेहुण्याचं आणि रेडिओचं काही संधान आहे का, बघायला हवं.

संकल्प: रोज दोन तास मौन. आज वीस मिनिटं झालं. मग राँग नंबर आला आणि तो माणूस बोलायला बरा होता.

८ ऑक्टोबर, बुधवार
सर्व्हे सुरू. दुपारचा खेळ सुटल्यावर थिएटरच्या दाराशी वही घेऊन उभा राहिलो. प्रश्न दोनच. कोण आवडलं? राक्षसाचा आवाज किती आवडला: खूप की प्रचंड?

रोबोट एकतीस. राक्षस चार. एसी चांगला होता, सहा. चारांतला एक मी. मी तिकीट काढूनच आत गेलो होतो, तेव्हा माझं मत धरायला हरकत नाही.

एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. म्हणाल्या, राक्षस ओरडला तेव्हा वाटलं, याला घरी जायचंय आणि कोणी वाट सोडत नाहीये. तो आवाज कोणाचा, ठाऊक आहे का, एवढं कसंबसं विचारलं. त्या म्हणाल्या, राक्षसाचा. बरोबरच आहे म्हणा.

उरलेले एकतीस रेडिओनं पाठवलेले असणार.

११ ऑक्टोबर, शनिवार
पुरावा हवा. रोबोटचं जरा जास्तच कौतुक करणाऱ्या एका चष्मेवाल्याच्या मागे निघालो. तो औषधाच्या दुकानात गेला, मी बाहेर. तो बँकेत, मी बाहेर. तिसऱ्या वळणावर तो थांबून म्हणाला, काय पाहिजे? सर्व्हे आहे म्हणालो. म्हणाला, अहो, बुधवारी सांगितलं की तुम्हाला. आणि तुम्ही माझ्यासमोर रोबोट खोडून राक्षस लिहिलंत.

ती चूक होती. दुरुस्त करायची राहिली आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार
घसा बसला. डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिलं आणि ओरडू नका म्हणाले. कोणाच्या सांगण्यावरून? टेबलावर सिनेमाची दोन तिकिटं होती. कोण आवडलं विचारलं तर म्हणाले, आ करा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
सर्व्हेचा अहवाल तयार, शुक्रवारी स्टुडिओत नेऊन देणार. अकरा पानं. मागण्या: दुसऱ्या भागात राक्षस मीच, पोस्टरवर नाव, रोबोटच्या संवादांत कपात. हिनं पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं आणि म्हणाली, शुक्रवारी जाण्याआधी माझ्याशी दोन मिनिटं बोलाल का? आत्ता बोल म्हटलं. तर कुकरची शिटी झाली आणि ती आत गेली. काहीतरी लपवतेय.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपारी ४
हिला चुकवून लवकर निघालो. स्टुडिओत मॅडम नव्हत्या. साउंड इंजिनिअरसमोर अहवाल ठेवला आणि म्हणालो, दुसऱ्या भागातला राक्षस एकतिसाव्या डरकाळीपासून पुढे न्यायचा, राक्षसाचं अंडं फुटल्यावरची ती.

इंजिनिअर म्हणाला, कुठली एकतिसावी?

मग त्यानं हेडफोन काढून गळ्यात घातला आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली. माझं रेकॉर्डिंग झालं त्याच्या दोन दिवसांनी परदेशातून पत्र आलं होतं. फक्त संवाद बदला, डरकाळ्या मूळच्याच राहू द्या. माझ्या अठ्ठेचाळीस एका फोल्डरमध्ये आहेत. हुंदकेही. मॅडमना वाटलं त्यानं कळवलं, त्याला वाटलं मॅडमनी.

ऐकवू का, म्हणाला. ऐकव म्हणालो. एकतिसावी लावली. बंद खोलीत कोणीतरी एकट्यानं कपाट सरकवत असावं, असा आवाज आला.

सिनेमा सहा वेळा पाहिला. सहाही वेळा मी मला ओळखलं होतं.

बाहेर रेडिओ उभा होता, सगळं ऐकलेलं. मला त्यानं पाणी आणून दिलं. म्हणाला, माझा आवाज मशीनमधून असा काही काढलाय की माझ्या आईनं मध्यंतरात विचारलं, तुझं काम कधी सुरू होणार? शेवटपर्यंत ती वाटच बघत बसली होती.

यात काहीतरी डाव असणार असं वाटलं. शोधला. सापडला नाही. त्याचा चेहरा साधाच आहे.

संध्याकाळी ६
ही दारातच होती. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं. म्हणाली, मला पहिल्याच डरकाळीला समजलं होतं. इतकी वर्षं तुमचं घोरणं ऐकतेय, तुमचा घसा मला ओळखू येणार नाही का?

मग सांगितलं का नाहीस?

म्हणाली, सांगणार होते. तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही असे काही बसला होतात की धीर होईना. म्हटलं उद्या सांगू. तो उद्या रोज पुढे गेला. शेळीला नाही म्हणालात तेव्हा मी मॅडमना फोन केला, दोन दिवस थांबा म्हणून. त्यांनी ती आधीच दुसऱ्याला दिली होती.

मी म्हणालो, तू माझ्यामागे फोन केलास. ती म्हणाली, हो. तिनं अहवाल हातातून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

१८ ऑक्टोबर, शनिवार
दोन तास मौन. पूर्ण झालं.

२० ऑक्टोबर, सोमवार. दुपारी १
मॅडमना फोन करून काम मागितलं. लगेच बोलावलं. भूकंपाचा सिनेमा आहे. जमावात आम्ही सहा जण, एकच माइक. शेजारी रेडिओ. त्याला वाक्य, वाचवा. मला, पळा.

पहिल्या टेकनंतर मॅडम म्हणाल्या, तुमचा आवाज जमावाच्या बाहेर येतोय. मी आभार मानले. त्या म्हणाल्या, दोन पावलं मागे जा. दुसऱ्या टेकनंतर इंजिनिअरनं काचेतून हात हलवला, आणखी मागे. तिसऱ्याला पाठ भिंतीला लागली. रेडिओ मान खाली घालून उभा होता. हसत होता की नाही, दिसलं नाही.

चौथ्या टेकला मी दाराबाहेर होतो. ओके झाला.